टीडीएस २१० आला, मग मासे मेले कशाने?

पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून, पाणीपुरवठा समितीवर काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. मार्चमध्ये एके सकाळी नदीच्या कडेला मेलेल्या माशांचा खच पडला. दुपारी गावातल्या पोरांनी प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी तपासायला दिलं. पीएच ७.८ आणि टीडीएस २१० आला, खाली शेरा ‘मर्यादेत’. आता गावात दोन तट पडलेत. काही म्हणतात, कागदावर पाणी चांगलं आहे, मासे उन्हाने मेले. वर्गणीतून पंधरा हजार जमलेत, त्यात कोणतं यंत्र घ्यावं? शिवाय त्यांच्या माहेरचा कवठेमहांकाळकडचा तलाव म्हैसाळ उपसा योजनेच्या, म्हणजे कृष्णेतून उचललेल्या पाण्याने भरला आणि दोन महिन्यांत हिरवागार झाला, तो का?

ताई, त्या कागदावरचे आकडे बरोबर असतील. पण मासे ज्याने मेले असावेत ती गोष्ट त्यात मोजलेलीच नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. पीएच म्हणजे पाणी आंबट की अल्कली. माशाला श्वासाला लागतो तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू, ज्याला आम्ही डीओ म्हणतो. तो तिथे मोजला नव्हता. आणि तिसऱ्या दिवशी बंद बाटलीत मोजला असता तरी त्याला काही अर्थ राहिला नसता, कारण बाटलीतले जीवाणू तोवर प्राणवायू वापरत बसतात.

मी सव्वीस वर्षं पाणी तपासण्याच्या कामात काढली. सांगलीपासून कराडपर्यंत नदीवरचा जवळजवळ प्रत्येक पूल मी बादली आणि दोरी घेऊन पाहिला आहे. या सगळ्या वर्षांत लोकांची सर्वांत मोठी फसगत मी टीडीएसच्या त्या पेनासारख्या मीटरने होताना पाहिली. म्हणून आधी एक हिशोब मांडतो. तो तुम्ही गावसभेत फळ्यावर मांडून दाखवा.

दारू गाळल्यावर आसवनीतून जे तांबूस-काळं सांडपाणी उरतं, ज्याला आपल्याकडे सरसकट मळीचं पाणी म्हणतात, त्याचा बीओडी लिटरमागे ४० ते ६० हजार मिलिग्रॅम असतो. बीओडी म्हणजे ती घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू खातील त्याचं माप. मधला ५० हजार धरा. दहा हजार लिटरचा एक टँकर नदीत गेला, तर त्याची भूक झाली ५०० किलो प्राणवायूची. मार्च-एप्रिलमध्ये पाणी २८ अंशांवर गेलं की आपल्या भागाच्या उंचीवर स्वच्छ पाण्यातही लिटरमागे सात मिलिग्रॅमच्या थोडाच वर प्राणवायू मावतो. सातने भागा. सुमारे सात कोटी लिटर नदीतला सगळा प्राणवायू संपवायला तो एक टँकर पुरेसा आहे. हवेतून थोडा प्राणवायू परत मिसळत राहतो हे खरं, पण बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यात तो फार सावकाश मिसळतो.

आता त्याच टँकरचं टीडीएस पाहा. त्या सांडपाण्यात लिटरमागे ५० हजार मिलिग्रॅम क्षार धरले, तरी सात कोटी लिटरमध्ये पसरल्यावर ते सात हजार पटीने पातळ होतात. नदीचा टीडीएस वाढला जेमतेम सातने. २१० चा २१७. एवढा फरक तर क्षारपड शेतांचा निचरा नदीला मिळाला की सकाळ-संध्याकाळमध्येही पडतो. म्हणजे नदीतला प्राणवायू शून्यावर आला तरी तुमचा मीटर जागचा हलणार नाही. तुमच्या नदीत असा टँकर गेला असं मी म्हणत नाही, ते मला इथे बसून कळणार नाही. पण ‘टीडीएस चांगला म्हणजे पाणी चांगलं’ हे वाक्य गावाने मनातून काढून टाकावं.

दुसरी गोष्ट मेलेल्या माशांच्या जागेची. मासे दिसले ते गावाच्या घाटाला, म्हणून लोक घाटाच्या आसपास गुन्हेगार शोधतात. घाण नदीत पडते त्या ठिकाणी प्राणवायू लगेच संपत नाही. जीवाणूंना कामाला लागायला वेळ लागतो आणि तोवर पाणी पुढे सरकलेलं असतं. सर्वांत वाईट जागा काही तास ते एक-दोन दिवस खाली येते. १९२५ मध्ये अमेरिकेत ओहायो नदीवर स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी याचं गणित मांडलं, ते आजही जगभर वापरतात. उन्हाळ्यात तुमच्याकडे पाणी ताशी अर्धा किलोमीटर सरकत असेल, तर दिवसाला बारा किलोमीटर. म्हणजे आज सकाळी तुमच्या घाटाला जे मासे तरंगले त्यांचं कारण काल वरच्या गावाच्या हद्दीत असू शकतं. म्हणून वरच्या दोन-तीन गावांशी सोयरीक ठेवा. एकट्या गावाने नदीवर लक्ष ठेवणं म्हणजे दारात बसून अख्ख्या रस्त्याची राखण केल्यासारखं आहे.

आणि न्यायाने हेही सांगायला हवं की प्रत्येक वेळी कारखानाच असतो असं नाही. गळीत हंगामात संशय तिकडे जातो, ते समजण्यासारखं आहे. पण कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे पाणी महिनोन्‌महिने थांबलं की तळाशी गाळ कुजत राहतो आणि तळाचं पाणी प्राणवायूविना मरून जातं. कुणी एकदम बरगे, म्हणजे बंधाऱ्यात अडवायला घातलेल्या फळ्या, काढले की ते मेलेलं पाणी सगळं खाली जातं आणि मासे मरतात. शहरं-गावांचं मैलापाणी तर बाराही महिने चालू आहे. सांगलीचा शेरीनाला सगळ्यांना माहीत आहे, पण नाव नसलेले लहान शेरीनाले प्रत्येक गावाला आहेत. कोयनेतून पाणी सोडलं की सगळं पातळ होतं, सोडणं थांबलं की तीच घाण दाट होते. म्हणून पाण्याच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवशी नदीला पाणी किती होतं हे लिहिलं नाही, तर तो आकडा निम्मा मुका राहतो. तुम्हाला विसर्ग मोजायची गरज नाही. पुलाच्या खांबावर रंगाने फुटाच्या खुणा करून घ्या. बरगे घातलेत की काढलेत, पाणी वाहतंय की थांबलंय, एवढं रोज लिहा.

मेलेल्या माशांकडेही नीट पाहायला शिका. प्राणवायू संपून मासे मरतात तेव्हा ते बहुतेक पहाटे मरतात. आदल्या रात्रीपासून पाण्यावर तोंड काढून भकाभका हवा घेताना दिसतात, आणि मोठे मासे आधी जातात. मरळ मात्र तगून राहते, कारण ती वर येऊन थेट हवेतला प्राणवायू घेते. भरदुपारी लहानमोठे सगळे एकदम पालथे पडले आणि त्यात मरळही असेल, तर विषाचा संशय घ्या. तसं असेल तर ते मासे कुणी घरी नेऊ नयेत, विकायला तर अजिबात नाही. गावात हे आधी दवंडी देऊन सांगा, मग बाकीचं.

आता पंधरा हजारांचं. डीओचा चांगला मीटर त्या पैशांत येत नाही. स्वस्तातला घ्याल तर त्याचा पडदा आणि द्रावण सतत बदलावं लागतं, दर वेळी जुळवून घ्यावा लागतो, आणि सहा महिन्यांत तो कपाटात जातो. अशी कपाटं मी कितीतरी ग्रामपंचायतींत उघडली आहेत. तुम्ही विंकलर पद्धत शिका. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ साली शोधलेली ही पद्धत आजही मीटर तपासायला वापरतात, इतकी ती भरवशाची आहे. घासलेल्या बुचाच्या ३०० मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या, मँगनीज सल्फेट, अझाइड घातलेलं अल्कली-आयोडाइड, सल्फ्युरिक आम्ल, स्टार्च आणि थायोसल्फेट. बस्स. बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची आणि पिपेटचं टोक पाण्याखाली धरून पहिली दोन द्रावणं पुलावरच दोन-दोन मिलिलिटर सोडायची. बूच लावून बाटली उलटीपालटी केली की आत साका तयार होतो. साका तपकिरी, तर प्राणवायू आहे, आणि जितका गडद तितका जास्त. साका पांढराफटक राहिला, तर नदीत प्राणवायू नाही. ही गोष्ट पुलावर उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाला डोळ्यांनी दिसते. कागदाच्या अहवालापेक्षा त्या पांढऱ्या बाटलीने लोक जास्त हललेले मी पाहिलेत.

साका बसला की आम्ल घालून तो विरघळवा. मग बाटली काही तास अंधारात राहू शकते, तेवढ्यात जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोचवा. २०० मिलिलिटर नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने निळा रंग जाईपर्यंत टायट्रेट केलं, तर जितके मिलिलिटर लागले तितकाच लिटरमागे मिलिग्रॅम प्राणवायू. बारावीची मुलं हे आठवड्यात शिकतात. थायोसल्फेटची ताकद दर पंधरवड्याला तपासून घ्या. आम्ल आणि अल्कली हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच.

आकडा कसा वाचायचा? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यात डीओ किमान ५ आणि बीओडी कमाल ३ असावा. मत्स्यजीवनासाठी डीओ किमान ४. तीनच्या खाली मासे हवालदिल होतात. पण एक आकडा काढून थांबू नका. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं. त्यामुळे संध्याकाळी चारला ९ दाखवणारी नदी पहाटे पाचला २ वर असू शकते. दुपारी बाराला, गाडीची सोय असते म्हणून, नमुने घेण्याची जी पद्धत पडली आहे ती नदीची सुखाची वेळ टिपते. मी स्वतः नोकरीची पहिली काही वर्षं तशीच आकडेवारी जमवली आणि नंतर लक्षात आलं की अर्धी वही वाया गेली. तुम्ही पहाटे पाच-साडेपाच आणि दुपारी चार अशी जोडी घ्या. दोन्हींत जितकं अंतर जास्त, तितकी नदी आतून आजारी समजा.

जागाही जोडीनेच निवडा. एक गावाच्या वर, एक गावाचा नाला मिळाल्यावर खाली, आणि तिसरी तुमच्या जॅकवेलशी, म्हणजे नदीतून पाणी उचलता त्या विहिरीशी. वरचा आणि खालचा नमुना एकाच दिवशी घेतला तरच ‘आमच्या गावाने किती घाण केली’ आणि ‘वरून किती आली’ हे वेगळं काढता येतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर गावाला आवडणार नाही, तरी ते काढा. दुसऱ्यावर बोलायचा अधिकार त्यानेच मिळतो.

नमुना पुलावरून बादलीने, प्रवाहाच्या मध्यावर, पृष्ठभागाच्या वीतभर खालून घ्या. काठावर उतरू नका. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात मगरी आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. पहाटेच्या अंधारात पोरांना घाटाच्या पायरीवर पाठवायचं नाही, एकट्याला तर कधीच नाही. जिथे पूल नाही तिथला नमुना नाही घेतला तरी चालेल.

विंकलरच्या साहित्याशिवाय एक साधा तापमापक आणि एक पीएच मीटर घ्या, पण तो ४, ७ आणि ९.२ च्या बफर द्रावणांसकट. विद्युतवाहकतेचा मीटर परवडला तर तोही. टीडीएसपेक्षा तो सरळ असतो आणि क्षारपड निचरा पकडायला उपयोगी पडतो. एच-टू-एसच्या बाटल्या तुमच्या जलसुरक्षकाकडे असतीलच. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर मैल्याचे जीवाणू असण्याची शक्यता मोठी. नदीचं कच्चं पाणी ती बहुतेक काळंच दाखवेल, म्हणून ती नदीवर खर्च करू नका, नळाच्या शेवटच्या टोकाला वापरा.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला त्याचीच जास्त काळजी आहे. तुमचं गाव याच नदीचं पाणी पितं. मासे मरतात त्या दिवसांत नदीत अमोनिया बहुधा वाढलेला असतो. आपण टाकीत हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. ताजी पावडर ३३ टक्क्यांची धरली तरी लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या थोडा वर क्लोरीन मिळतो. एक मिलिग्रॅम अमोनियातला नायट्रोजन मात्र आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन गिळतो, त्यानंतर कुठे मोकळा क्लोरीन शिल्लक राहायला लागतो. म्हणजे अशा दिवसांत नेहमीच्या मापाने टाकलेलं टीसीएल जंतूंपर्यंत पुरेसं पोचतच नाही. वर ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून पिवळ्या रंगावरून क्लोरीन पाहायची चाचणी, फसवते. अमोनियाला चिकटलेला क्लोरीनही हळूहळू पिवळा रंग देतो आणि जलसुरक्षक वहीत ‘क्लोरीन आहे’ असं लिहून मोकळा होतो. त्याचा दोष नाही, त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. नियम एवढाच शिकवा की थेंब टाकल्याबरोबर, काही सेकंदांत जो पिवळा येतो तो मोकळा क्लोरीन. पाच मिनिटांनी चढलेला रंग मोजायचा नाही. मोकळा क्लोरीन नळाच्या शेवटच्या टोकाला ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. काही तपासणी किटमध्ये अमोनियाची बाटली असते, तुमच्यात आहे का पाहा. नदीला वास येऊ लागला, मासे वर तोंड काढू लागले, की त्या दिवशी जॅकवेलचा पंप बंद ठेवणं शक्य असेल तर ठेवा, दोन दिवस विहिरीवर किंवा टँकरवर काढा, आणि पाणी उकळून प्यायला सांगा. टीसीएलचं पोतंही उघडं ठेवू नका. दमट खोलीत त्याची ताकद महिन्याभरात ढासळते.

तक्रारीचं सांगतो. तुम्ही काढलेला आकडा न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहणार नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, संबंधितांना नोटीस देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून घ्यायचा असतो. अधिकारी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतो तोवर पाणी पुढे गेलेलं असतं. एकदा आमच्यासमोर असंच झालं होतं. पंचनाम्यात मासे होते, पाण्यात काहीच नव्हतं. तुमच्या वहीचा उपयोग इथे आहे. रोजचा डीओ ६ असणारी जागा दोन दिवसांत ४ वर, मग ३ वर घसरताना दिसली, तर मासे मरायच्या आधी फोन करता येतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाटबंधारे आणि तहसीलदार यांना एकाच वेळी कळवा, वेळ लिहून ठेवा, ठिकाण दिसेल असे फोटो काढा. तीन-चार मेलेले मासे आणि दोन लिटर पाणी बर्फाच्या डब्यात ठेवा. बर्फाशिवाय ठेवलेला नमुना एप्रिलच्या उन्हात दोन तासांत निकामी होतो.

आता माहेरच्या तलावाचं. तिथला प्रश्न नदीपेक्षा वेगळा आहे. नदीच्या पाण्याबरोबर शेतातल्या खतांचा आणि मैल्याचा नायट्रोजन-फॉस्फरस येतो. वाहत्या नदीत तो पुढे निघून जातो. तलावात त्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हाने उडतं, खत तिथेच राहतं आणि शेवाळाला ते जेवणाचं ताट मिळतं. लिटरमागे ०.०३-०.०४ मिलिग्रॅमच्या पुढे फॉस्फरस गेला की थांबलेलं पाणी हिरवं व्हायला लागतं, इतकं थोडं पुरतं. तिथे महागडं काही नको. वीस सेंटिमीटरची पत्र्याची चकती घ्या, तिच्या चार चतकोरांना आलटून-पालटून काळा-पांढरा रंग द्या, मध्ये दोरी बांधून पाण्यात सोडा आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजा. १८६५ मध्ये सेक्की नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने याच कामासाठी पांढरी चकती भूमध्य समुद्रात सोडली होती. तलावाच्या एकाच जागी, दर रविवारी, दुपारी, मोजत राहा. दीड मीटरवरून अर्ध्या मीटरवर आली की तलाव कुठे चाललाय ते कळतं.

पाण्यावर निळसर-हिरवा ऑइलपेंटसारखा तवंग आला तर गुरांना तिथे पाणी पाजू नका. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. आणि अशा वेळी कुणी मोरचूद टाकायला सांगितलं तर टाकू देऊ नका. शेवाळाच्या पेशी एकदम फुटून विष पाण्यात उतरतं, वर मेलेलं शेवाळ कुजताना तलावातला प्राणवायू ओढून घेतं आणि तिथेही माशांचा खच पडतो. दीर्घ उपाय एकच आहे, तलावात येणारं खत कमी करणं. तलावाच्या कडेची वीस-पंचवीस फूट पट्टी नांगरू न देता गवताखाली ठेवा, गावाचं सांडपाणी शोषखड्ड्यांत वळवा. फरक दिसायला दोन-तीन पावसाळे लागतील, कारण गाळात साठलेला फॉस्फरस वर येत राहतो.

नदीच्या वहीची सुरुवात मात्र आत्ता, मृगाच्या आधी करा. पहिला मोठा पाऊस पडतो तेव्हा नाले-ओढ्यांत उन्हाळाभर साचलेलं सगळं एका रात्रीत नदीत येतं आणि बंधाऱ्यांतला कुजका गाळ ढवळून निघतो. लोकांना वाटतं पाणी आलं, नदी धुतली गेली. वर्षातला सर्वांत कमी डीओ मला अनेकदा त्याच पहाटे मिळाला आहे. त्या पहाटेला पुलावर कोण जाणार, त्या दोघांची नावं आजच ठरवून ठेवा, आणि त्यांच्या डब्यात द्रावणांच्या दोन जादा बाटल्या असू द्या.